भिंतीपलीकडचा तंबोरा

हयवदनरावांच्या घरी रेडिओ आहे, यावर कानडी मुलखातल्या चामराजपेटेत शेजाऱ्यांचा बरेच दिवस विश्वास बसेना. छप्पन साली त्यांनी तो घोड्याच्या जटक्यात घालून घरी आणला, तेव्हा सगळ्या गल्लीने पाहिला होता. पण त्याचा आवाज कुणाच्या कानावर आला नाही. संध्याकाळी कचेरीतून आलं की हा गृहस्थ पुढच्या खोलीत रेडिओच्या जाळीला कान लावून बसायचा आणि बटण एवढंसंच फिरवायचा, की आपण गातोय की नाही अशी शंका गाणाऱ्यालाही यावी.

"चोरून ऐकायचं होतं, तर आणलात कशाला?" त्यांची बायको कमला विचारायची. ती फटकळ होती, पण कारण तिलाही ठाऊक होतं. कारण भिंतीपलीकडे, मधल्या खोलीत होतं.

क्षमा, त्यांची धाकटी बहीण. लग्नाआधी ती रामनवमीच्या मांडवातून गाणं ऐकून आली, की दुसऱ्या दिवशी चूल फुंकता फुंकता तेच जसंच्या तसं म्हणायची. ऐन विशीत नवरा गेला आणि ती माहेरी परतली. त्याच आठवड्यात वडिलांनी तिचा तंबोरा जुन्या लुगड्यात गुंडाळून देवळात देऊन टाकला. त्या घराण्यात विधवेने गायचं नाही आणि मांडवात जाऊन बसायचंही नाही. का, ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. क्षमानेही विचारलं नाही.

पुढे वडील गेले, रीत राहिली. ती मोडायची धमक हयवदनरावांत नव्हती. मायाळू होते, पण भित्रे. गाण्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि तेच गाणं बहिणीच्या कानावर पडलं तर तिच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल, असं त्यांना वाटे. म्हणून सगळं हळू.

एकदा पाणी प्यायला ते आत गेले, तर क्षमा भिंतीला डोकं टेकून बसलेली. मांडीवर तांदळाचं सूप, हात थांबलेले, डोळे मिटलेले आणि गाल ओले. हयवदनराव चपापले. पाणी न पिताच परत फिरले आणि रेडिओ आणखी हळू केला. काय होतंय गं, एवढं विचारायला हवं होतं. पण आपल्याकडचे मोठे भाऊ बहिणीच्या दुःखाजवळ जात नाहीत, बाहेरून हळूच दार लोटून घेतात आणि त्यालाच माया म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळीवर दुहेरी पंचा टाकला.

साठ साली क्षमाला खोकला जडला, मग बारीक ताप, मग थुंकीत रक्त. क्षयच निघाला. नव्या इंजेक्शनांनी माणूस उठतो, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी बजावलं, "कानांत स्वल्प गुणगुण झाली तरी लगेच येऊन सांगा. हे औषध एखाद्याचे कान घेतं. वेळेवर कळलं तर बदलता येतं."

सांगितलेलं काम चोख करायचं, हा हयवदनरावांचा स्वभाव. रोज कचेरीला जाताना ते दारातून विचारत, "क्षमा, कान वाजतात का?" ती नाही म्हणे. पुढे पुढे तर प्रश्न पुरा व्हायच्या आत मान हलवी.

"हल्ली दोन-दोन हाका मारल्याशिवाय ओ देत नाहीत वन्सं," कमला एकदा म्हणाली.

"अशक्तपणा आहे," ते म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते पटलंही.

ताप हटला. अंगावर मांस चढलं. छाती स्वच्छ झाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी क्षमा आपणहून पुढच्या खोलीत आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेडिओसमोर बसली.

"अण्णा, रागावू नकोस," ती जरा मोठ्यानेच म्हणाली. "मी तुझा रेडिओ ऐकते. पहिल्यापासून. भिंतीला डोकं टेकलं की सगळं यायचं, शब्द न् शब्द. त्याच्यावरच दिवस काढले मी. तुला कळलं तर बंद करशील, म्हणून बोलले नाही."

हयवदनरावांची नजर जाळीवरच्या पंच्याकडे गेली.

"पण तू फारच हळू केलास रे. आजारात तर नुसता तंबोरा यायचा. तेवढा मात्र रात्रंदिवस. तू कानांचं विचारायचास, तेव्हा मी मनात म्हणायचे, कान कुठले वाजतात, अण्णाचा रेडिओ आहे. आता बरी झाले ना मी? आता स्वल्प मोठं लाव. गाणं ऐकू दे."

तिच्या सबंध आजारात हयवदनरावांनी रेडिओला हातही लावला नव्हता. जाळीवरच्या पंच्यावर धूळ बसली होती.

त्यांनी पंचा काढला आणि बटण फिरवलं. रेडिओ तापायला जरा वेळ लागला, मग गाणं आलं. ते बटण फिरवत राहिले, पार शेवटापर्यंत. समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली. कमला कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून धावत आली आणि नणंदेकडे पाहून दारातच थांबली.

क्षमाने जाळीला कान लावला होता. चेहरा हसरा होता.

"तंबोरा लागलाय," ती म्हणाली. "गाणं केव्हा सुरू होईल, अण्णा?"