शेषेरावांची शोभेची दारू

कंधारच्या बसस्टँडवर नांदेडची गाडी लागलेली असते. पाटीवर 'नांदेड' लिहिलेलं असतं. कंडक्टर दारात उभा राहून घसा फुटेस्तोवर "नांदेड, नांदेड" ओरडत असतो. अशा वेळी एक धोतरवाले, माळकरी गृहस्थ त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारतात, "ही नांदेडलाच जाती न्हवं?"

हेच आमचे शेषेराव. कंडक्टर हो म्हणाला की ते ड्रायव्हरला विचारतात. ड्रायव्हर हो म्हणाला की पहिल्या बाकावरच्या म्हातारीला विचारतात. तिघांचं एकमत झालं की गाडीत चढतात आणि वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत खिडकीतून मैलाचे दगड वाचत खात्री करून घेतात.

माणूस वाईट नाही. पोटात फक्त काळजीचं एक मांजर आहे, ते सारखं फिरत असतं. गावाकडची जमीन आता मुलगा सत्यम बघतो. तो म्हणतो, "बाबा, तुमी कंधारातच आराम करा." याचा खरा अर्थ असा की शेतात येऊन सोयाबीनला प्रश्न विचारू नका. त्यामुळे शेषेराव मोकळे आहेत, आणि मोकळ्या शेषेरावांचा ताप सगळ्या गल्लीला आहे. कुणाच्या पोरीचं लग्न असो, मुंज असो नाहीतर मयत असो, शेषेराव आदल्या दिवशी जाऊन जागा बघून येतात. मयतीच्या बाबतीत हे जमत नाही याची त्यांना खंत आहे.

त्यांच्या पत्नी गुणाबाई म्हणजे दुसरं टोक. बाईला आयुष्यात कशाचीच घाई नाही आणि कशाचाच हट्ट नाही. अपवाद एकाच गोष्टीचा. दारूचा.

गैरसमज नको. शोभेच्या दारूचा. आकाशात उडते ती. गुणाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी खास उदगीरहून दारूकाम करणारे बोलावले होते. वरात आली, बाण सुटले, दारूची झाडं पेटली, आणि नवरी मुलगी आतल्या खोलीत हळदीच्या अंगानं भिंतीकडे तोंड करून बसलेली. "माझ्या लग्नाची दारू साऱ्या गावानं बघितली," त्या सांगतात. "म्हशीनं बघितली. मी तेवढी न्हाई."

"दाखवतो की," असं शेषेराव लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते. दाखवणारच होते. एकदा जत्रेला घेऊन गेले, पण पहिला बाण सुटायच्या आत त्यांना परतीच्या गर्दीची काळजी लागली. "चल, अदुगर निघू," म्हणत त्यांनी बायकोला जीपमध्ये कोंबलं. दारू उडाली तेव्हा दोघांच्या पाठी जत्रेकडे होत्या. दुसऱ्यांदा इतक्या लवकर पोचले की कंटाळून लवकर परतले. तिसऱ्या वेळी जागा अशी हेरली की पुढे पाण्याची टाकी.

या वर्षी जुलैत शेषेराव जिलानीभाईंच्या दुकानात बसले होते. जिलानी शिंपी हे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त आणि प्रश्न ऐकून घेणारे कंधारातले शेवटचे गृहस्थ. त्यांचा पुतण्या मुज्तबा नांदेडला एका मांडववाल्याकडे कामाला आहे, तो आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "काका, यंदा झेंड्याला नदीच्या घाटावर आतिशबाजी हाय. मांडव आमच्याच मालकाचा."

"किती मोठी?"

"लई मोठी."

"लई म्हंजे किती?"

जिलानीभाईंनी तोंडातला दोरा काढला. "शेषेराव, अब आसमान का नाप लेकर आऊं क्या? टेप देऊ का तुमाला?"

शेषेराव घरी आले ते पळतच. "गुणे, झेंड्याला नांदेडला जायचं. दारू बघायला."

गुणाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "खरंच नेणार का?"

"म्हंजे काय!"

"मंग ऐका. या बारीला न्हाई दाखवली, तर पुन्हा मला 'आपण जाऊ' म्हणायचं न्हाई. मी तुमच्यासंगं कुठंच येणार न्हाई. भाजी आणायलासुदीक न्हाई."

झालं. पोटातल्या मांजराला सात पिल्लं झाली. शेषेराव रोज जिलानीभाईंच्या फोनवरून मुज्तबाला गाठू लागले. घाटावर बायामाणसांची सोय काय? आवाजानं कानाला दडे बसतात का? धूर कोण्या अंगाला जातो?

"वाऱ्यावर हाय, काका."

"मंग वारा कोण्या अंगाला असतो?"

मुज्तबा गुणी पोरगा. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिला. फक्त एकदा म्हणाला, "काका, अजून लई दिवस हाईत. कशाला एवढी घाई करून राहिले?"

शेषेरावांनी फोन परत देत मान हलवली. "बघ जिलानी, आजकालची पोरं. झेंडा तोंडावर आला अन् म्हणतो लई दिवस हाईत."

मग ते एकटेच नांदेडला जाऊन घाट पाहून आले. पायरी निवडली. तिथे अंघोळ करणाऱ्या एका बुवांना विचारलं की ही पायरी कुणाची राखीव तर नाही. मांडवाचा एकही बांबू दिसत नव्हता, पण त्याचा उलगडा त्यांनी स्वतःच केला. "सरकारी काम हाय. आदल्या रात्रीच उभं राहतं."

पंधरा ऑगस्टला सकाळी कंधारात झेंडावंदन झालं आणि अकराच्या आत दोघं गाडीत होती. गुणाबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. धपाटे, शेंगाची चटणी, पाण्याची बाटली, छत्री असा सरंजाम. दुपारी ते घाटावरच्या निवडलेल्या पायरीवर बसले तेव्हा घाटावर ती दोघं, एक कुत्रं आणि गोदावरी एवढेच होते.

"जागा मिळाली का न्हाई फस्कलास?" शेषेराव म्हणाले.

दुपार टळली. पोरं कागदी झेंडे घेऊन आली, पाण्यात दगड मारून गेली. संध्याकाळी काही कुटुंबं फिरायला आली, भेळ खाऊन गेली. शेषेराव उठत होते, बसत होते, पुलाकडे बघत होते. अंधार पडायला लागला तसं त्यांना राहवेना. शेंगा विकणाऱ्या गाडीवाल्याजवळ गेले.

"भाऊ, दारू कुठं हाय?"

गाडीवाल्यानं आधी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली. मग पायरीवर बसलेल्या गुणाबाई बघितल्या. "काका, आज ड्राय डे हाय."

"तसं न्हाई. इथं घाटावर दारू हाय म्हणले."

"घाटावर? देवाच्या ठिकाणी? काका, वयाचं तरी बघा."

"अरे बाबा, मी बायकोला दाखवाया आणलंय!"

गाडीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. तेवढ्यात बाजूला उभा असलेला एक दयाळू तरुण जवळ आला आणि कानाशी कुजबुजला, "पुलाच्या पल्याड एक जण देतो. पण आज डबल घेतो. चाचीसाठी बी पाहिजे का?"

गुणाबाईंनी पदर तोंडावर ओढला तो कंधार येईपर्यंत खाली घेतला नाही.

शेषेरावांनी गाडीवाल्याचाच फोन मागून घेतला आणि मुज्तबाचा पाठ झालेला नंबर लावला. पलीकडून आलं, "काका... झेंडा म्हंजे मुक्तीचा झेंडा. सतरा सप्टेंबर!"

आता इतर महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, झेंडा म्हणजे झेंडा, त्यात चूक कशी होईल? पण आमची गोष्ट वेगळी. देश पंधरा ऑगस्टला मोकळा झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्याच हाताखाली होता. आम्ही सुटलो पुढच्या वर्षी, सतरा सप्टेंबरला. त्यामुळे आमच्याकडे एक झेंडा जास्तीचा आहे. तो आम्ही अभिमानानं फडकवतो आणि बोलताना कुठला झेंडा हे सांगत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की समोरच्याला माहीत आहे. सगळ्या कंधाराला तोच तोच प्रश्न दहादा विचारणाऱ्या माणसानं नेमका हाच प्रश्न कुणालाही विचारला नव्हता.

परतीच्या गाडीत गुणाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. शेषेरावांना वाटत होतं, त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, निदान कपाळ बडवून घ्यावं. "पाणी पाहिजे का?" त्यांनी विचारलं. "धपाटे उरलेत, खाती का?" "बाई, काई तरी बोल की." पुढच्या बाकावरचा माणूस वळून म्हणाला, "मामा, झोपू द्या की त्यांना."

त्यानंतरचे दिवस शेषेरावांनी कसे काढले ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. गुणाबाई भाजी आणायला एकट्या जाऊ लागल्या. शेषेराव मागून वीस पावलांवर, पिशवी हातात घेऊन. 'आपण जाऊ' म्हणायची चोरी होती. सप्टेंबर लागला तसे ते जिलानीभाईंच्या दुकानात येऊन बसायचे आणि उठायचे, बसायचे आणि उठायचे. शेवटी जिलानीभाई स्वतः गुणाबाईंकडे गेले.

"भाभी, माफ करून टाका. माणूस वाळून राहिला. माझ्या दुकानातली खुर्ची ढिली झाली."

"भाईजान, लग्न झाल्यापास्नं हा माणूस इचारूनच राहिला. येक कामाचा प्रश्न इचारला असता तर मला पुलापल्याडच्या दारूची चौकशी ऐकावी लागली असती का?"

"खरं हाय. पर भाभी, आतिशबाजी तो होणार हाय ना? तुम्ही त्याच्यावरच्या गुस्स्यासाठी ती का सोडता?"

हे मात्र गुणाबाईंना पटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी नांदेडच्या मावसबहिणीला, भामाबाईला, फोन केला. "सतराला येऊन राहिले. जेवायला काय बी कर." संपलं नियोजन. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मी चालले. तुमाला यायचं असंल तर या. पण येक अट हाय. घरातून निघाल्यापास्नं दारू उडंपत्तर कुणालाच काई इचारायचं न्हाई. येक जरी प्रश्न इचारला तरी मी तिथून भामीच्या घरी जाणार, अन् तुमी कंधारला."

शेषेरावांनी "म्हंजे कसं?" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सतरा तारखेला बसस्टँडवर बघ्यांची गर्दी होती असं म्हटलं तर खोटं होईल, पण जिलानीभाई दुकान टाकून आले होते. कंडक्टर "नांदेड, नांदेड" ओरडत होता. शेषेरावांनी त्याच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि चढले. कंडक्टरच उलट बुचकळ्यात पडला. "मामा, ही नांदेडलाच जाती बरं का!"

घाटावर या वेळी मुंगीला जागा नव्हती. मांडव होता, भोंगे होते, भाषणं होती. भाषणं संपत नव्हती. वर ढग आले. चार थेंब पडले. आसपासची सगळी माणसं एकमेकांना विचारत होती, "होणार का? कधी होणार? रद्द तर न्हाई ना?" सगळं नांदेड शेषेरावांचं काम करत होतं आणि शेषेराव गप्प. त्यांचा पाय हलत होता, बोटं माळेचे मणी ओढत होती. एकदा तर शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे ते इतका वेळ बघत राहिले की त्यानं विचारलं, "काय झालं काका?" शेषेरावांनी मान हलवली. गुणाबाई समोर बघत होत्या, पण त्यांचा डावा कान इकडेच होता.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला मुज्तबा गर्दीतून वाट काढत आला. झाल्या गोष्टीनं ओशाळलेला. "काका, सलाम. चाची, सलाम. बोला काका, काय काय विचारायचंय? आज सगळं सांगतो."

अशी सोन्यासारखी संधी! शेषेरावांच्या कपाळावर घाम आला. किती वाजता, कोणत्या बाजूनं, पावसात भिजली तर काय, धूर कुठे जाणार. सगळे प्रश्न घशात दाटीवाटीनं उभे राहिले. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"काई न्हाई बाबा," ते म्हणाले. "तू तुझं काम कर."

मुज्तबा घाबरला. खाली वाकून गुणाबाईंना म्हणाला, "चाची, काकांची तबेत बरी हाय ना?"

गुणाबाई पदरात हसल्या. आणि त्या हसत असतानाच नदीपलीकडून पहिला बाण सुटला.

तो वर गेला, थांबला, फुटला, आणि आभाळभर करडईचं फूल उमललं. गुणाबाईंचा हात आपोआप शेषेरावांच्या मनगटावर आला. दुसरा फुटला, तिसरा फुटला. हिरवे, तांबडे, सुपातून पाखडल्यासारखे झरझर खाली येणारे. खाली पाण्यात तेच उलटे. "अगं बया," गुणाबाई म्हणत होत्या. "अगं बया बया." मग त्यांनीच सुरुवात केली. "अहो, हे हिरवं कशानं होतं? इतक्या वर जाऊन फुटायचं त्याला कसं कळतं? ते खाली कुणाच्या अंगावर पडत न्हाई का?"

"मला काय म्हाईत," शेषेराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कंधारात कुणी ऐकलेलं नाही.

शेवटी एकदम इतके बाण सुटले की घाट दिवसासारखा दिसला, आणि मग सगळं संपलं. लोक उठले. रिक्षांकडे पळापळ सुरू झाली. गुणाबाई सवयीनं झटकन उभ्या राहिल्या, कारण आता नवरा दंड धरून ओढणार हे त्यांना ठाऊक होतं. पण शेषेराव जागचे हलले नाहीत. तोंड वर, डोळे आभाळात.

गुणाबाईंचं मन थोडं भरून आलं. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतकी आवडली का?"

"आवडली. पण पायाला मुंग्या आल्यात," शेषेराव म्हणाले. "उठताच येईना."

गुणाबाई पुन्हा खाली बसल्या. "मंग बसा. तवर मी धूर बघते."