नंदूचा खांदा, शरदचे हात

फिजिओथेरपीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणसाला मशीन लावून पंधरा मिनिटं पडायला सांगा, तो आपोआप बोलायला लागतो. त्यात पेशंट कातळ चढणारा असेल तर विचारूच नका. मुलुंडचं माझं जुनं क्लिनिक आता रिडेव्हलपमेंटमध्ये गेलं. नव्या जागेत एसी आहे, आरसे आहेत. पण दर रविवारी मुंब्र्याच्या कातळांवर जाणारा तो ग्रुप आठवला की वाटतं, मजा तिकडेच होती यार.

*

या लोकांची एक खोड. दाराची चौकट, माळ्याची कड, जे सापडेल त्याला बोटांनी लोंबकळून बघायचं. एकदा मी आत फोनवर होते, बाहेर धाडकन आवाज. येऊन बघते तर माळ्याची फळी खाली आणि तिच्या शेजारी नंदू. पन्नाशीतला बँकवाला, ग्रुपचा म्होरक्या. मी काही बोलायच्या आत म्हणतो, "डॉक्टर, तुमचा माळा कच्चा आहे हां. कुणाला तरी लागलं असतं."

*

केतकी त्याच ग्रुपमधली, कॉलेजात शिकणारी. तिचं बोट दुखावलं होतं. महिनाभर कातळाला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं मी. आठवड्यानं आली तर नखांत पांढरी पावडर. हाताला घाम सुटू नये म्हणून हे लोक चढताना चॉक लावतात, तीच.

"हे काय गं?"

"रांगोळी काढली, मॅडम. आईला रोज दारात लागते."

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई म्हणाली, "रांगोळी? अहो, आमच्या दारात स्टिकर आहे!"

*

मग नंदू पडला. त्या दिवशी आमची सगळ्यांचीच वाट लागली. नंदू वर चढत होता आणि खाली दोर धरून शरद. शरद पार्ल्याचा, अबोल, कॉलेजपासून नंदूचा जोडीदार. नंदूच्या हातातला दगड सटकला. दोर शरदच्या मुठीतून सरसर गेला, तळवे सोलवटले, पण त्यानं सोडला नाही. नंदू जमिनीच्या हातभर वर थांबला. खांदा मात्र निखळला.

दोघं एकाच वेळी क्लिनिकला यायचे. नंदूला मी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता. नव्या वाटेनं जो पहिला चढतो, तो तिला नाव देतो, अशी यांची पद्धत. नंदूनं माझ्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'आई गं!'

*

शरदचे हात बरे झाले. एकदा मी पकड बघायला त्याच्या हातात दोराचा तुकडा दिला. त्यानं तो बाजूला ठेवला.

"मी आता दोर धरणार नाही. माझ्या हातातून सुटला तो."

पलीकडच्या बेडवरून नंदू म्हणाला, "सुटला असेल तर इथे पडून कोण बडबडतंय रे?"

शरद हसला नाही. आणि नंदू दुसऱ्या कुणाच्या दोरावर चढायला तयार नव्हता. म्हणजे दोघांचंही चढणं संपल्यात जमा. मला फार वाईट वाटायचं. हातांना माझ्याकडे औषध होतं, याला कुठून आणू?

*

खांदा बरा होत आला तशी मी नंदूला सोप्या कातळाची परवानगी दिली आणि स्वतःच मुंब्र्याला गेले. शरद आला होता, पण लांब बसून.

खालच्यानं "चढ" म्हटल्याशिवाय वरच्यानं पाय उचलायचा नाही, हा यांचा नियम. कातळाच्या माथ्यावरच्या कडीतून फिरून खाली आलेल्या दोराचं एक टोक नंदूनं कमरेला बांधलं, दुसरं शरदच्या पुढ्यात टाकलं आणि कातळाकडे तोंड करून उभा राहिला.

केतकी म्हणाली, "काका, मी धरते ना."

"तू डबा उघड."

आमच्या वाटचे पोहे खाऊन झाले. ऊन चढलं. नंदू तसाच उभा. शेवटी शरद उठला. दोर कमरेच्या पट्ट्याला नीट अडकवला, पुन्हा पुन्हा तपासला. मग कसंबसं म्हणाला, "चढ."

नंदू दोन पुरुष उंच गेला. चला, खांदा टिकला, असं मला वाटतंय तोच त्यानं दोन्ही हात सोडून दिले.

मी किंचाळले. शरद फूटभर वर उचलला गेला, पण दोर जराही सरकला नाही. नंदू हवेत लटकत होता.

"झकास. आता सोड खाली, पोहे संपवतील हे."

"थांब जरा," शरद म्हणाला. आणि बराच वेळ त्यानं नंदूला खाली सोडलंच नाही.