तापाच्या वॉर्डातली अर्धी कॉफी

सुधाकरअण्णा गेल्याचं मला मंजुनाथने फोनवर कळवलं. मंजुनाथ के. आर. पुरमला रिक्षा चालवतो. तो अण्णाचा जुना रुग्ण. "डॉक्टर गेले, सर," एवढंच आधी त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आता तो बेड राहील ना?"... त्या फोनला आता दीड महिना होत आला.

अण्णा माझा मामेभाऊ. आनेकलच्या पलीकडे एका छोट्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर होता. दारू सुटताना थरथर आणि भास सुरू झालेला माणूस आला, की तिथे त्याला खासगी व्यसनमुक्ती केंद्राचा रस्ता दाखवत. मंजुनाथलाही दाखवला होता. त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. ते केंद्र तिला परवडणारं नव्हतं. अण्णाने त्याला तापाच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या बेडवर घेतलं. वरिष्ठ चिडले. "दारू काय आपण पाजली त्याला?"

"जिलेबीही आपण खाऊ घालत नाही, सर. शुगरचे पेशंट घेतोच ना?"

"सरी, घ्या. पण एकच बेड."

त्या बेडवर अण्णाने वेगळी पाटी लावू दिली नाही. पाटी दिसली तर बायका नवऱ्यांना आणणार नाहीत, असं त्याचं मत होतं. औषधं, तपासण्या बाकीच्या रुग्णांसारख्याच चोख. फक्त सकाळच्या राउंडनंतर तो बाय-टू कॉफी मागवायचा, एक कॉफी दोन पेल्यांत. अर्धी स्वतःला, अर्धी त्या रुग्णाला. थरथरत्या हातातून अर्धा पेला सांडत नाही, आणि डॉक्टरही अर्धीच पितोय म्हटल्यावर कमीपणा वाटत नाही. हात स्थिरावला की पूर्ण पेला. परत दारू प्यायला लागला तर, असं मी एकदा विचारलं. "तर परत येईल. दमेकरी येत नाहीत का?" मंजुनाथ दोनदा परत आला. दोन्ही वेळा त्याच बेडवर, अर्ध्या पेल्यापासून सुरुवात.

गेल्या आठवड्यात मंजुनाथ आणि मी तिथे गेलो. खिडकीजवळ एक पन्नाशीचा माणूस बसला होता आणि अण्णाच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलत होत्या. मध्ये दोन अर्धे पेले. आम्हाला द्यायला त्यांनी आपला पेला पुढे केला, तेव्हा जुन्या सिस्टर रत्नम्मांनी त्यांना थांबवलं. "ती तुमची दोघांची, मॅडम. यांना पूर्ण आणते."

काठोकाठ भरलेला पेला मंजुनाथने एका हाताने घेतला.