कॅमेरा धरायला मोठे डॉक्टर

मोठे डॉक्टर म्हणजे बोटांनी बघणारा माणूस. तीस वर्षं पोटं उघडली. आत हात घातला की खडा कुठे, पीळ कुठे, डोळे मिटून सांगायचे. आता म्हणे पोट उघडायचंच नाही! चार बारीक भोकं, त्यांतून लांब दांड्यांची हत्यारं आणि नजर पडद्यावर. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे पळणार. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा पाटी कोरी.

तरी ते शिकायला बसले, कारण धाकट्या बहिणीच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन भोकांतूनच आणि दादानंच करायचं, हा तिचा हेका. चार महिने जेवणाच्या टेबलावर सरावाचा खोका मांडून ते त्या लांब हत्यारांनी रबरी कडी या खुंटीवरून त्या खुंटीवर नेत होते. बायकोनं ताट मांडीवर घेऊन जेवायची सवय करून घेतली.

शिकवणारी डॉक्टरीण त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. एके काळी हात जरा हलला की तिच्या बोटांवर चिमट्याचा फटका बसायचा. तिनं तीनदा परीक्षा घेतली. तिन्ही वेळा कडी खाली पडली. ऑपरेशन मी करते, सरांनी कॅमेरा धरावा, असं ती खाली बघत म्हणाली. कॅमेरा धरणं हे नवशिक्याचं काम. ते बरं म्हणाले. राग यायला हवा होता, आला नाही.

बहिणीला सांगणं जिवावर आलं, म्हणून सांगितलंच नाही. संमतीच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं, पण बाईसाहेबांनी न वाचताच सही ठोकली.

ऑपरेशन निम्म्यावर आलं आणि एक बारीक धमनी फुटली. पडदा लाल झाला. रक्त दिसलं की आधी बोटानं दाबायचं, ही तीस वर्षांची सवय. कॅमेरा सोडून त्यांचा हात धावला आणि बहिणीच्या पोटावर येऊन थांबला. आत जायला वाटच नव्हती.

"सर, कॅमेरा," डॉक्टरीण हळूच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी कॅमेरा धरला आणि शेवटपर्यंत हलू दिला नाही. तिनं धमनी बंद केली.

दुसऱ्या दिवशी बहीण नर्सला कौतुकानं सांगत होती की दादाचा हात लागला, म्हणून काही दुखलं नाही. डॉक्टर दारातच उभे होते.

"माझा हात आत गेलाच नाही," ते म्हणाले. "मी कॅमेरा धरला होता."

 बहिणीनं त्यांचा हात ओढून आपल्या हातात घेतला. तिच्या मनात काय आहे, ते त्यांच्या बोटांना काहीच कळलं नाही.