पावसात धरण दिसत नाय

सुलभा विशे. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी झालो, तो या एका बाईंमुळे. गेल्या महिन्यात वाशिंदच्या कारखान्यात कामावर असताना त्यांच्या भाच्याचा फोन आला, “दादा, आत्या गेली…” मी शेडबाहेर येऊन पुन्हा विचारलं, जणू दुसऱ्यांदा उत्तर वेगळं येणार होतं.

मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या बाजूला आमच्या शाळेत बाई चित्रकला शिकवायच्या. त्यांचं मूळ गाव शहापूर तालुक्यातलं शिसवली. त्या लहान असतानाच ते धरणात गेलं आणि गावकऱ्यांना खर्डीच्या अंगाला नवी वसाहत मिळाली. बाई मात्र प्रत्येक चित्रामागे पत्ता लिहायच्या, मु. शिसवली. चित्रही एकच, आठवणीतलं पावसातलं शिसवली, जलरंगात. लावणीला बायका पाठीवर घेतात ते पानांचं इरलं घेऊन त्या भर पावसात बांधावर बसत, कागद मांडीवर. थेंब उडून रंग फुटला तर फुटू देत. ओला कागद आषाढात वाळणार कुठे? तो चुलीवरच्या माळ्यावर, सुक्या बोंबलांशेजारी. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक आभाळाला धुराची पिवळी झाक असे. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, कागद मळका आहे. बाई म्हणाल्या, “मळका नाय. आमच्या घरातून पाऊस धुरातूनच दिसायचा.” बक्षीस गेलं. पुढच्या वर्षीही कागद चुलीवरच.

दहावीनंतर वडील मला वीटभट्टीवर नेणार होते. बाई आमच्या ओटीवर येऊन बसल्या. वडील म्हणाले, “बाई, आमच्यात कोन कालिजात गेलाय?” बाई म्हणाल्या, “म्हणूनच ह्याला पाठवा. हो म्हणेपर्यंत चहा घेणार नाय.” चहा निवला, आईने दुसरा केला, तोही निवला… शेवटी वडील नमले.

बाई निवृत्त होऊन वसाहतीत राहायला गेल्यावर गावाने तिथे समाजमंदिर बांधलं. सरपंचांनी त्यांना दर्शनी भिंतीसाठी धरणाचं चित्र सांगितलं. बाईंनी शिसवली काढलं. घरं, खळी, चिंच आणि वरून तिरका पाऊस.

“बाई, धरण कुठंय?”

“पाऊस लय आहे. दिसत नाय.”

सगळे हसले, सरपंच सोडून. “कोपऱ्यात एक निळी रेघ मारा ना, झालं.”

“त्या रेघेखाली माझी आय नांदली. नाय मारणार.”

चित्र परत आलं. भिंतीवर धरणाचा फोटो लागला. बाईंनी चित्र कधी गुंडाळलं नाही, घरात भिंतीला टेकवून ठेवलं. “लागंल तर तिथंच लागंल,” म्हणायच्या. ते लागलेलं त्यांना बघायला मिळालं नाही, हे मला सलतं.

शोकसभा त्याच समाजमंदिरात होती. सरपंचांनी हार घालायला बाईंचा फोटो मागितला. मी आणि भाच्याने ते चित्र नेलं.

“हा फोटो नाय,” सरपंच म्हणाले.

“बाईंचा दुसरा फोटो नाय,” मी म्हणालो आणि धरणाचा फोटो उतरवून त्याच खिळ्याला चित्र अडकवलं. सरपंच काही बोलणार, तोच त्यांची म्हातारी आई काठी टेकत पुढे आली आणि चित्राला जवळजवळ नाक लावून उभी राहिली. “गो बाय! ह्यो आपला गोठा. पन दार उलट्या अंगाला काढलाय!” त्यानंतर चित्र उतरवा म्हणायची कोणाची टाप झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना पत्र टाकायला गेलो. पत्ता त्यांचाच, मु. शिसवली. पोस्टातला माणूस म्हणाला, “या नावाचं गाव आता नाय.”

“आहे,” मी म्हणालो, “समाजमंदिरात लागलंय.” त्याने माझ्याकडे बघत शिक्का मारला. पत्र असं होतं…

“बाई, चित्र लागलं. धरण अजून दिसत नाही. सरपंचांच्या आई म्हणतात, गोठ्याचं दार उगवतीला होतं, तुमचं चुकलं. तुम्ही असता तर दोघींचं चांगलं भांडण झालं असतं. आता येत्या आषाढात त्यांना शेजारी बसवून मीच शिसवली काढायला घेतोय. माझा हात कच्चा आहे, तुम्हाला माहीतच आहे. पण तुमचं इरलं मी आणलंय. आणि आईला सांगून ठेवलंय, गॅस आला तरी चूल मोडू नकोस.”