गुरूचा चंद्र आणि सातपूरच्या सिस्टर

दोन हजार तीन साली मी नाशिकच्या एका छोट्या दैनिकात मुद्रितं तपासायचं काम करत होते आणि रविवारच्या पुरवणीत विज्ञानाचं एक सदर लिहीत होते. सदर माझ्याकडे आलं ते मी बी.एस्सी. आहे एवढ्या एका कारणाने. ती बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली, तीही पंधरा वर्षांपूर्वीची. पण कचेरीत तेवढंही कुणाचं झालेलं नव्हतं. दर बुधवारी मी कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत तासभर बसायची, वहीत पेन्सिलीने टिपणं काढायची आणि शुक्रवारी लेख द्यायची.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात सिंहस्थाची गर्दी नुकतीच ओसरत होती. शहर दमलेलं होतं आणि पुरवणीत सिंहस्थाशिवाय काहीतरी हवं, असं संपादकांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास बातमी आली की, गुरूभोवती अनेक वर्षं फिरत असलेलं एक यान शास्त्रज्ञांनी मुद्दाम गुरूच्या वातावरणात बुडवलं. कारण वाचून मी थक्क झाले. गुरूच्या एका चंद्रावर बर्फाचं जाड कवच आहे, त्याखाली समुद्र असावा असा अंदाज आहे, आणि समुद्र असेल तर कदाचित जीवही असतील. यानाचं इंधन संपत आलं होतं. ते तसंच भरकटू दिलं असतं तर उद्या त्या चंद्रावर आदळलं असतं, आणि त्याच्यावर पृथ्वीवरचे जंतू चिकटून राहिले असतील तर ते तिथे पोचले असते. मग पुढे कोणी तिथे जीव शोधायला गेलं, तर त्याला सापडणार कोण? आपलेच जंतू!

ज्याला आपण कधी पाहिलंही नाही, असेल की नाही हेही माहीत नाही, अशा कुणालातरी आपला त्रास नको म्हणून आपलं यान बुडवायचं. मला ही गोष्ट इतकी आवडली की रस्त्याने येताना मी एकटीच हसत होते.

लेख भराभर लिहून झाला. अडलं ते एका शब्दाशी. प्रदूषण म्हटलं की डोळ्यांसमोर गोदावरी यायची. संसर्ग म्हटलं की दवाखाना. आणि मग मला 'विटाळ' सुचला. मथळा दिला, 'परग्रहाला आमचा विटाळ नको'. वाचून संपादक म्हणाले, "वा! हा खरा मराठी मथळा." मी खूश.

लेखाला पत्रंही नेहमीपेक्षा जास्त आली. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं की, आपल्या पूर्वजांचं सोवळं आता अमेरिकेलाही पटलं, हे तुम्ही छान दाखवलंत. तसं मी काही दाखवलेलं नव्हतं, पण कौतुक होतं, तेव्हा मी ते पत्र दोनदा वाचलं.

तिसऱ्या दिवशी एक निळं आंतरदेशीय पत्र आलं. सातपूरहून. अक्षर सरळ, सुटं, एकही खाडाखोड नसलेलं.

"ताई, तुमचे लेख मी दर रविवारी वाचते. हा लेख फार चांगला होता, पण मथळ्यातला शब्द मला टोचला. माझ्या आईने हा शब्द गावच्या विहिरीवर रोज ऐकला आहे. मी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. जंतू येऊ न देणं हेच माझं काम होतं, आणि त्या कामात हा शब्द एकदाही लागला नाही. वेळ असेल तर चहाला या, दाखवते."

खाली पत्ता होता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. माझ्या मनात तसं काही नव्हतं, मग या बाईंनी ते माझ्या पदरात का घालावं? पत्र पर्समध्ये टाकून मी दोन दिवस हिंडले. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना मला माझंच बारा-तेरा वर्षांचं वय आठवलं. मागच्या खोलीत सतरंजीवर बसलेली मी, आणि बाहेर काकू कुणालातरी सांगतेय, "तिला शिवू नका, विटाळ आहे." तेव्हा कसं वाटायचं, ते मला चांगलं ठाऊक होतं. शब्द सुचला तेव्हा मात्र त्यातलं काहीच आठवलं नव्हतं. फक्त मथळा जमल्याचा आनंद झाला होता.

शनिवारी दुपारी मी सातपूरची बस पकडली. कारखान्यांची पहिली पाळी सुटायची वेळ होती, रस्ताभर मोटारसायकली. सिस्टरांचं घर कामगार वसाहतीतल्या एका बैठ्या ओळीत शेवटचं होतं. दार उघडलं ते साठीच्या, बुटक्या, ताठ पाठीच्या बाईंनी. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "पत्र लिहिलं आणि मग वाटलं, उगीच लिहिलं. आलात, बरं झालं. आधी चहा."

त्या घरी एकट्याच राहत. ओट्यावर पातेल्यात पाणी उकळत होतं आणि त्यातून त्यांनी एका लांब स्टीलच्या चिमट्याने दोन कप बाहेर काढले. मी बघतच राहिले, तेव्हा त्या हसल्या. "दवाखान्यातला आहे. मोडीत निघाला होता, रिटायर होताना मागून आणला. हाताने कप उचलायला मला अजून जमत नाही."

चहा झाल्यावर मी विषय काढला. माफी मागायची असं ठरवून आले होते, पण त्यांनी ती पुरती मागूच दिली नाही.

"ते राहू द्या. इकडे या, ओट्यापाशी. समजा, आपण दोघी थिएटरात आहोत. दोघींनी कोपरापर्यंत हात धुतलेत, गाऊन घातलेत, हातमोजे घातलेत. आता तुम्हाला माझ्या पलीकडे जायचंय. जा."

ओटा आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. मी त्यांच्या समोरून, तोंडाकडे तोंड करून सरकायला लागले.

"चुकलं! पाठीला पाठ. गाऊन पुढून कितीही निर्जंतुक असला, तरी पाठ ती पाठच. प्रत्येकाची. सर्जनची, माझी, नवीन पोरीची. म्हणून ओलांडताना पाठीला पाठ लावून जायचं."

मग आम्ही दोघी हात छातीशी धरून, पाठीला पाठ घासत त्या बोळातून गेलो. दोघींनाही हसू आवरेना.

"आता सांगा, यात कोण वरचं, कोण खालचं?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी मला एक घटना सांगितली. त्या नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. एकाएकी त्यांच्या थिएटरातल्या पेशंटांच्या जखमा पिकायला लागल्या. एक झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. चिमटे, कात्र्या, कापूस ठेवायचे ड्रम सगळं पुन्हा पुन्हा वाफेवर काढलं, भिंती धुतल्या, तरी थांबेना.

"मग सगळ्यांचे डोळे कुणाकडे गेले? फरशी पुसणाऱ्या मावशीकडे. कुणी तोंडाने बोललं नाही, पण ती आत आली की लोक बाजूला व्हायचे. ती माझ्या आईच्या वयाची. एक दिवस बादली ठेवून मला म्हणाली, 'सिस्टर, मी घरून दोनदा आंघोळ करून येते.' मला तिच्याकडे बघवेना. मी तशीच मेट्रनकडे गेले आणि म्हटलं, सगळ्यांचे स्वॅब घ्या. सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे. हाताचे, घशाचे, नाकाचे."

"मग?"

"चार दिवसांनी रिपोर्ट आले. मावशी स्वच्छ. मी स्वच्छ. जंतू निघाले मोठ्या सर्जनच्या नाकात." त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं. "त्यांना स्वतःला सर्दीसुद्धा नव्हती. पण माणूस मोठा हो! रिपोर्ट वाचला, हसले आणि सगळ्यांच्या देखत मावशीला म्हणाले, 'चोर मीच निघालो.' आठवडाभर आत आले नाहीत, नाकात मलम घातलं, पुन्हा तपासून घेतलं आणि मग कामाला लागले. जखमा पिकायच्या थांबल्या."

मी वही काढली होती, पण लिहायचं विसरले होते.

"म्हणून तुमचा लेख मला आवडला," त्या म्हणाल्या. "ती माणसं परक्याच्या घरी जायच्या आधी स्वतःचं नाक तपासतात. तुमच्या शब्दाने मात्र उलटं होतं. तो शब्द आला की समोरच्याकडे बोट जातं."

"तुम्ही आत थिएटरात काय म्हणायचात?" मी विचारलं.

"काय म्हणायचो? 'हात लागला.' सर्जनचा हात वरच्या दिव्याला लागला की मी म्हणायची, 'सर, हात लागला.' की ते मुकाट्याने मोजे बदलायचे. मी नवीन होते तेव्हासुद्धा बदलायचे. रागावणं नाही, लाजणं नाही. लागला तर बदलायचा, संपलं."

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली नाही, तरी एका हाताने दांडी धरून मी दुसरा लेख मनात जुळवत आले.

सोमवारी संपादकांसमोर पत्र ठेवलं. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, स्वभावाने सरळ, पण घाईचे. पत्र वाचून म्हणाले, "एका पत्रासाठी खुलासा छापायचा? अहो, घराघरांत बोलतात हा शब्द."

"म्हणूनच तर," मी म्हटलं. "माझ्याही घरात बोलायचे. मला बाजूला बसवून बोलायचे."

त्यांनी वर पाहिलं. इतकं वैयक्तिक मी त्या कचेरीत आधी कधी बोलले नव्हते. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. "खुलासा नको," ते म्हणाले. "खुलासा कोणी वाचत नाही. पहिल्या लेखाएवढाच दुसरा लेख लिहा. चूक कुठे झाली, तेही त्यातच सांगा. जागा मी देतो."

'हात लागला तर' या मथळ्याखाली तो लेख आला. सिस्टरांनी नाव घालू दिलं नाही, पण नाकाची गोष्ट घालू दिली. मास्तरांचं पुन्हा पत्र आलं, त्यात ते जरा नाराज होते. नर्सिंगच्या काही मुलींनी मात्र सहा सह्यांचं कार्ड पाठवलं. मी ते सातपूरला नेऊन दिलं, आणि तेव्हापासून महिन्यातल्या एखाद्या शनिवारी जाणं सुरूच झालं.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला मंगळावर दोन गाड्या उतरल्या. सिस्टरांनी पेपरातले फोटो पाहिले आणि पहिला प्रश्न टाकला, "निर्जंतुक कशा केल्या? किती डिग्री, किती वेळ?"

मला कुठे ठाऊक! पुढच्या बुधवारी शोधून काढलं. काही भाग स्पिरिटने पुसतात, ज्यांना उष्णता सोसते ते कोरड्या उष्णतेत तापवतात. शंभराच्या थोडं वर, पण तासन्‌तास. सिस्टरांनी भुवई उंचावली. "एवढं कमी? आमची काचेची सिरिंज एकशे साठला जायची." मग स्वतःच विचार करून म्हणाल्या, "बरोबर आहे. आतल्या तारा, बॅटऱ्या वितळतील. म्हणून कमी आच आणि जास्त वेळ. आमचे रबरी मोजेही जास्त तापले की चिकटायचे." शास्त्रज्ञ ज्या खोलीत यान जोडतात, तिथल्या फरशीचे, टेबलांचे स्वॅब घेऊन त्यात सापडलेल्या जंतूंची नोंद ठेवतात, हे मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ मान डोलवत होत्या. "शून्य कधीच होत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्यावर काय होतं, ते लिहून ठेवायचं. म्हणजे तिथे ते सापडलं, तर ओळखता येतं."

चारेक वर्षांनी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्या नामपूरला भाचीकडे राहायला गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मंगळाच्या उत्तरेकडे एक यान उतरलं, बर्फ खणायला. त्याच्या खणायच्या हातावर पृथ्वीवरूनच एक बंद पिशवी चढवलेली होती, ती मंगळावर पोचल्यावरच उघडायची. मी रंगीत प्रिंट काढला आणि सकाळच्या एसटीने निघाले. सटाण्यापुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून गाडी रखडत गेली, पोचायला बारा वाजले.

सिस्टर पडवीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला आणि एकदम ओरडल्याच, "अगं, हे तर आमचं पॅकिंग! वापरायच्या जागी नेऊनच फोडायचं." मग डोळे बारीक करून, "इथे बघ, कोपराशी पिशवी पुरती निघालेली नाही. हात हलवला की निघेल."

पुढच्या बातमीत नेमकं हेच आलेलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते मी नंतर बरेच दिवस आठवत असे. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, आणि कुठल्या कुठल्या ग्रहावरची चूक त्यांनी पडवीत बसून पकडली होती!

शेजारची म्हातारी भिंतीवरून वाकून बघत होती. "हाई काय शे?" तिने अहिराणीत विचारलं.

"मंगळावरची जमीन," सिस्टर म्हणाल्या.

"तठे कोन ऱ्हास?"

तिथे कोण राहतं, या प्रश्नावर सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "अजून काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "विचारपूस चालली आहे."

म्हातारीला ते उत्तर पुरेसं वाटलं असावं. तिने कागद मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या सुनेला दाखवायला आत घेऊन गेली. भाचीने आतून हाक मारली. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी तव्यावर होत्या. आम्ही जेवायला बसलो तरी कागद परत आला नव्हता, आणि भिंतीपलीकडून आता तीन-चार बायकांचे आवाज येत होते.