तीन नंबरचा सिलिंडर

साहेबांनी माझं नाव खराब केलं ते सगळ्यांच्या देखत, चहा फुंकत फुंकत. मी ते विसरले नाही आणि विसरायचा विचारही नव्हता.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड. फ्लाइंग क्लबांच्या छोट्या विमानांची इंजिनं आम्ही दुरुस्त करतो आणि स्टँडवर बांधून चालवून बघतो. प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये सेन्सर असतो, बाहेर पडणारा वायू किती गरम ते दाखवणारा. त्या दिवशी जोर दिला की तीन नंबरचा आकडा बाकीच्यांच्या वर चढत होता.

साहेब, म्हणजे आमचे सुपरवायझर, मूळचे केमिकल कंपनीच्या बॉयलरवरचे. आमच्याकडे निम्मे लोक तिथूनच येतात आणि धुराडं तापलं की आत बिघाड, एवढंच धरून बसतात. "व्हॉल्व्ह जळाला. मॅडमनी नीट बसवला नाही," साहेबांनी माझ्याकडे बघत निकाल दिला. सिलिंडरच्या डोक्याचं तापमान उलट उतरलंय, ते तरी बघा, मी म्हटलं. ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवसापासून मी स्टोअरमध्ये, वायसर निवडायला.

बदलापूरला घरी आठवडाभर धुमसत होते. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." का जाऊ देऊ?

व्हॉल्व्ह बदलायला तीन नंबरचा सिलिंडर उतरवायच्या दिवशी शेडचे मालक, शेठ, क्लबवाल्यांना घेऊन आले. मी पाना घेऊनच स्टोअरबाहेर पडले. "शेठ, अर्धा तास द्या. चुकले तर नोकरी सोडते."

"अरे बाबा, करू दे तिला," शेठ साहेबांना म्हणाले.

एका सिलिंडरला ठिणगी पाडणारे दोन प्लग. एक बंद पडला की जाळ एकाच बाजूने लागतो, उशिरा संपतो आणि पेटता वायूच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सर तापतो, सिलिंडर नाही. हा प्लग तर लबाड, इंजिन हळू चालताना पेटायचा आणि जोर दिला की दगा द्यायचा. मी तीन नंबरचे दोन्ही प्लग एक नंबरला लावले, एकचे तीनला. इंजिन चालू करून जोर दिला. एक नंबरचा आकडा चढला, तीनचा जागेवर आला.

"साहेब, तुमचा व्हॉल्व्ह चालत चालत एक नंबरमध्ये गेला काय?" मी विचारलं. क्लबवाले हसले. मला फार बरं वाटलं.

इंजिन बंद केल्यावर शेठ म्हणाले, "मॅडम, उद्यापासून परत स्टँडवर."

"येते. पण बिघाड कुठे होता, ते साहेबांनी सांगावं."

"प्लगमध्ये," साहेब पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"प्लग खराब होता. मॅडमचं काम बरोबर होतं."

"अजून जरा मोठ्याने, साहेब."

मान खाली घालून त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मला पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं.